विश्लेषण : मधुमेहाच्या चाचणीमागे वनस्पतिशास्त्रज्ञ कसा? क्रोमॅटोग्राफीचे जनक मिखाईल त्स्वेत उपेक्षित का राहिले?

मधुमेहींच्या ‘एचबीए१सी’ चाचणीचा अहवाल हाती आला की नजर थेट आकड्यावर जाते. साडेसहाच्या आत की बाहेर, एवढेच पाहिले जाते. त्याच कागदावर बारीक अक्षरांत चाचणीची पद्धत छापलेली असते. अनेक प्रयोगशाळांच्या अहवालात तिथे ‘एचपीएलसी’ असे लिहिलेले आढळते. त्यातील शेवटचा ‘सी’ म्हणजे क्रोमॅटोग्राफी, अर्थात मिश्रणातील घटक एकमेकांपासून वेगळे करण्याची पद्धत. रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखण्यापासून खोकल्याच्या औषधातील भेसळ पकडण्यापर्यंत तिचा उपयोग होतो. ही पद्धत शोधणारे मिखाईल सेम्योनोविच त्स्वेत हे डॉक्टर नव्हते आणि व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञही नव्हते. झाडाच्या पानाला हिरवा रंग कशामुळे येतो, याचा ते अभ्यास करत होते. हयातीत त्यांच्या पद्धतीवर नामवंतांनी अविश्वास दाखवला आणि वयाच्या ४७व्या वर्षी, युद्धाने विस्कटलेल्या रशियात त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर बारा वर्षांनी जगाला त्यांची पद्धत नव्याने सापडली.

त्स्वेत कोण होते?

त्स्वेत यांचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतील आस्ती या गावी झाला. वडील सेम्योन हे रशियन सरकारी सेवेत होते, तर आई इटालियन होती. मुलाच्या जन्मानंतर अल्पावधीतच आईचे निधन झाले. वडिलांना नोकरीसाठी रशियात परतावे लागले आणि मुलगा स्वित्झर्लंडमध्ये वाढला. लोझान आणि जिनिव्हा येथे त्यांचे शिक्षण झाले. जिनिव्हा विद्यापीठात ते भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकले. पुढे त्यांच्या कामात या तिन्ही विषयांची सरमिसळ दिसते, त्याचे मूळ इथे आहे. वनस्पतींच्या पेशींच्या रचनेवर संशोधन करून १८९६मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी ते वडिलांच्या देशात, सेंट पीटर्सबर्गला गेले. रशियन भाषेत ‘त्स्वेत’ या शब्दाचा अर्थ रंग असा होतो. रंग वेगळे करण्याची पद्धत शोधणाऱ्याचे आडनाव तेच असावे, हा केवळ योगायोग.

डॉक्टरेट असूनही पुन्हा परीक्षा का?

रशियात पोहोचताच त्यांच्यापुढे पहिली अडचण उभी राहिली. विद्यापीठात अध्यापक व्हायचे तर परदेशी डॉक्टरेट तिथे ग्राह्य नव्हती. आधी रशियन मॅजिस्टर पदवी आणि नंतर रशियन डॉक्टरेट असा क्रम होता. म्हणजे २४व्या वर्षी डॉक्टर झालेल्या संशोधकाला पुन्हा विद्यार्थ्याच्या रांगेत उभे राहावे लागले. सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांनी प्रयोगशाळेत काम केले आणि महिलांसाठीच्या अभ्यासवर्गात वनस्पतिशास्त्र शिकवले. १९०१मध्ये कझान विद्यापीठाने त्यांना मॅजिस्टर पदवी दिली. विषय होता हरितद्रव्याच्या कणांची रचना. त्यानंतर ते वॉर्सा येथे गेले. पोलंडचे हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात त्यांना सुरुवातीला साहाय्यकाचे पद मिळाले. रशियन डॉक्टरेट मिळायला मात्र १९१० साल उजाडले. ज्या शोधामुळे आज त्यांचे नाव घेतले जाते, तो शोध या मधल्या काळातला आहे. जगातील दिग्गजांशी वाद घालत असताना ते स्वतः दुय्यम पदावर होते, हे लक्षात घ्यावे लागते.

पानाच्या हिरव्या रंगाचे कोडे काय होते?

पान हिरवे दिसत असले तरी त्यात एकच रंगद्रव्य नसते. हिरवे हरितद्रव्य आणि पिवळी-नारिंगी द्रव्ये त्यात एकत्र असतात. ती नेमकी किती, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकमत नव्हते. कारण ही द्रव्ये नाजूक असतात. आम्ल, उष्णता किंवा प्रकाश लागला की बदलतात. वेगळी करायला जावे तर हाती मूळ द्रव्याऐवजी त्याचा बिघडलेला अवशेष येई आणि तेच नवे द्रव्य असल्याचे जाहीर होई.

त्स्वेत यांना एका साध्या निरीक्षणातून दिशा मिळाली. पाने कुटून त्यावर अल्कोहोल ओतले की सगळी रंगद्रव्ये उतरतात. पेट्रोलियम ईथर ओतले तर मात्र फक्त कॅरोटीन हे नारिंगी द्रव्य उतरते आणि हिरवा रंग पानातच राहतो. गंमत अशी की, आधी बाहेर काढलेले हरितद्रव्य त्याच पेट्रोलियम ईथरमध्ये सहज विरघळते. मग पानातून ते का निघत नाही? त्स्वेत यांनी असा निष्कर्ष काढला की, पानातील ऊतीच हरितद्रव्याला आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवते. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. खात्री करण्यासाठी त्यांनी गाळण कागदावर हरितद्रव्य वाळवले आणि त्यावर पेट्रोलियम ईथर टाकले. कागदानेही पानासारखेच हरितद्रव्य सोडले नाही. थोडे अल्कोहोल मिसळताच ते सुटले. ज्या गुणामुळे पान रंग अडवते, तोच गुण रंग वेगळे करण्यासाठी वापरता येईल, हे त्यांना इथे उमगले.

खडूच्या भुकटीने रंग वेगळे कसे झाले?

काचेची एक अरुंद नळी घ्यायची. तिच्यात कोरडी, बारीक भुकटी ठासून भरायची. त्स्वेत यांची आवडती भुकटी होती कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचा मूळ पदार्थ. वरून पानांचा रंगीत अर्क सोडायचा आणि मागोमाग स्वच्छ द्रावक ओतत राहायचे. द्रावक खाली झिरपत जातो, तसतसे अर्कातील घटक वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि पांढऱ्या भुकटीवर निरनिराळ्या रंगांचे पट्टे उमटतात. कॅरोटीन भुकटीला जवळपास चिकटत नाही, ते सर्वांत आधी बाहेर पडते. मागे पिवळे, निळसर हिरवे आणि पिवळसर हिरवे पट्टे राहतात. त्यातील दोन हिरवे पट्टे म्हणजे आज शाळेत शिकवली जाणारी हरितद्रव्य ‘अ’ आणि हरितद्रव्य ‘ब’. पट्टे नीट सुटले की भुकटीचा कांडा नळीतून बाहेर ढकलायचा, सुरीने पट्टे कापायचे आणि प्रत्येकातील द्रव्य अल्कोहोलने धुऊन घ्यायचे.

हे का घडते, यासाठी पुण्याच्या तुळशीबागेचे उदाहरण पुरेसे आहे. गल्लीच्या एका तोंडाशी दहा जण एकाच वेळी आत शिरले. काहींना खरेदीत रस नाही, ते सरळ पलीकडे जातात. काही जण प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतात. गल्ली पुरेशी लांब असेल तर दुसऱ्या तोंडाशी ते वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. नळीतील भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे एक दुकान आणि मागून येणारा द्रावक म्हणजे गर्दीचा रेटा. रेणूंवर बळजबरी होत नाही, त्यांना तापवावे लागत नाही, त्यांच्याशी रासायनिक अभिक्रिया करावी लागत नाही. त्यामुळे नाजूक द्रव्येही न बिघडता सुटी होतात.

शाईचा थेंब ओल्या कागदावर पसरताना रंगांची वर्तुळे उमटतात, हे त्यापूर्वीही काही रसायनशास्त्रज्ञांनी पाहिले होते. त्स्वेत यांनी त्या निरीक्षणापलीकडे जाऊन पद्धत उभी केली. भुकटी कोणती, द्रावक कोणता, कोणते द्रव्य आधी व कोणते नंतर उतरेल आणि हे सारे का, याची मांडणी त्यांनी केली.

‘क्रोमॅटोग्राफी’ हे नाव कधी आले?

२१ मार्च १९०३ रोजी वॉर्सा येथील निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेत त्स्वेत यांनी या कामाची पहिली मांडणी केली. ते व्याख्यान रशियन भाषेत होते आणि छापून यायला १९०५ साल लागले. पश्चिम युरोपातील फार थोड्यांच्या ते वाचनात आले असेल. १९०५च्या क्रांतीच्या धामधुमीत वॉर्सा विद्यापीठातील अध्यापनही ठप्प झाले. १९०६मध्ये त्यांनी जर्मन वनस्पतिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात दोन निबंध लिहिले. त्यात ‘क्रोमॅटोग्राफी’ हा शब्द पहिल्यांदा आला. ग्रीक भाषेत ‘क्रोमा’ म्हणजे रंग आणि ‘ग्राफीन’ म्हणजे लिहिणे. मराठी शालेय पुस्तकांत ही पद्धत ‘रंजकद्रव्य पृथक्करण’ या नावाने येते. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये त्यांनी संस्थेच्या सदस्यांसमोर रंगीत पट्ट्यांच्या नळ्या ठेवून प्रात्यक्षिक दाखवले.

या निबंधांतील एक मुद्दा आज विशेष महत्त्वाचा वाटतो. हे नियम केवळ रंगीत द्रव्यांपुरते नाहीत, रंगहीन संयुगेही याच पद्धतीने वेगळी होतील, असे त्स्वेत यांनी तेव्हाच नोंदवले होते. आजच्या रक्त आणि औषध चाचण्या बहुतांशी याच विधानाच्या आधारावर उभ्या आहेत. कॅरोटीन आणि त्याच्या भाऊबंदांसाठी ‘कॅरोटिनॉइड’ हे नावही त्यांनीच १९११मध्ये सुचवले. डोळ्यांच्या आरोग्यासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या वेष्टनावर ते आजही छापलेले असते.

रसायनशास्त्रज्ञांचा आक्षेप काय होता?

त्या काळी एखादा पदार्थ शुद्ध मिळाला, याचा पुरावा म्हणजे स्फटिक. पदार्थाचे स्फटिक करायचे, त्याचा वितळणबिंदू मोजायचा, त्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण काढायचे, ही रूढ रीत होती. त्स्वेत यांच्या नळीतून मिळणारे द्रव्य अगदी थोडे असे आणि त्याचे स्फटिक नसत. एक वनस्पतिशास्त्रज्ञ खडूच्या भुकटीवरील पट्टे दाखवून हरितद्रव्ये दोन आहेत असे सांगतो, हे अनेकांना पटेना. क्राकूवचे रसायनशास्त्रज्ञ लेऑन मार्ख्लेव्स्की यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. प्रतिपक्ष ज्याला शुद्ध द्रव्य म्हणतो ते प्रत्यक्षात मिश्रण आहे, हे त्स्वेत आपल्या नळीच्या आधारे दाखवत आणि भिडस्तपणा न ठेवता तसे लिहीत. त्यामुळे विरोध आणखी धारदार झाला.

सर्वांत मोठा अडसर होता रिचर्ड विल्श्टेटर यांच्या मताचा. हरितद्रव्यावरील तेव्हाचे सर्वांत वजनदार संशोधक तेच होते. त्यांनी वेगळ्या मार्गाने, दोन न मिसळणाऱ्या द्रावकांमध्ये द्रव्ये विभागून, हरितद्रव्ये दोनच असल्याचे दाखवले. म्हणजे त्स्वेत यांचा निष्कर्ष बरोबर ठरला. मात्र त्स्वेत यांच्या पद्धतीत हरितद्रव्य बिघडते आणि मोठ्या प्रमाणावर द्रव्य मिळवण्यासाठी ती उपयोगाची नाही, असे मत विल्श्टेटर व त्यांचे सहकारी आर्थर श्टोल यांनी १९१३च्या ग्रंथात मांडले. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी विल्श्टेटर यांना १९१५चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या शब्दाला असलेले वजन पाहता, इतरांनी नळी हाती न घेणे स्वाभाविक होते.

सारे काही भुकटीवरच का अवलंबून?

या वादाचे मर्म नळीत काय भरले आहे, यात होते. भुकटी फारच सक्रिय असेल तर ती द्रव्याला नुसते धरून ठेवत नाही, ते बदलूनही टाकते. भुकटी फार मवाळ असेल तर ती कोणालाच अडवत नाही आणि सगळे घटक एकत्र बाहेर पडतात. भुकटीत ओल राहिली किंवा ती असमान भरली गेली तर पट्टे वेडेवाकडे होतात. त्स्वेत यांनी शंभराहून अधिक पदार्थ शोषक म्हणून तपासले. कॅल्शियम कार्बोनेटप्रमाणेच साखर आणि इन्युलिन यांसारखे सौम्य पदार्थही त्यात होते. द्रव्यावर रासायनिक परिणाम न करणारीच भुकटी निवडा, असा त्यांचा आग्रह होता. तो दुर्लक्षून प्रयोग केला तर हरितद्रव्य बिघडणारच. पुढील काळात इतिहासकारांनी विल्श्टेटर यांच्या अपयशाचे कारण शोधले, तेव्हा चुकीच्या शोषकाकडेच बोट दाखवले गेले.

त्स्वेत यांनी हे सगळे ज्ञान १९१०मध्ये एका रशियन ग्रंथात एकत्र केले. वनस्पती आणि प्राण्यांतील रंगद्रव्ये हा त्याचा विषय होता. याच ग्रंथावर त्यांना रशियन डॉक्टरेट मिळाली आणि १९११मध्ये रशियाच्या विज्ञान अकादमीने त्याला पारितोषिक दिले. परंतु ग्रंथ रशियन भाषेत होता आणि हरितद्रव्याच्या रसायनशास्त्राची भाषा तेव्हा मुख्यतः जर्मन होती.

युद्धाने त्यांच्या आयुष्याचे काय केले?

१९०८पासून त्स्वेत वॉर्साच्या पॉलिटेक्निक संस्थेत शिकवत होते. पहिल्या महायुद्धात, १९१५मध्ये जर्मन फौजा वॉर्सापर्यंत पोहोचल्या आणि संस्था हलवावी लागली. आधी मॉस्को, मग निझनी नोव्हगोरोद असा प्रवास झाला. प्रयोगशाळा नाही, साहित्य नाही आणि वेळ संस्थेच्या स्थलांतराच्या व्यवस्थेत जातो, अशी स्थिती होती. १९१७मध्ये युर्येव विद्यापीठाने (आजचे एस्टोनियातील तार्तू) त्यांना प्राध्यापकपद आणि तिथल्या वनस्पती उद्यानाचे संचालकपद दिले. आयुष्यात प्रथमच त्यांना मनाजोगते पद मिळाले होते. मात्र १९१८मध्ये जर्मन फौजा तिथेही आल्या. विद्यापीठातील रशियन अध्यापकांना व्होरोनेझला हलवण्यात आले. त्यांची प्रकृती आधीच ढासळली होती. २६ जून १९१९ रोजी व्होरोनेझमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा रशियात यादवी युद्ध सुरू होते.

एक नोंद मात्र उल्लेखनीय आहे. १९१८च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकासाठी त्स्वेत यांचे नाव सुचवले गेले होते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कोर्नेलिस फान विसेलिंग यांनी ते सुचवले होते. त्या वर्षीचे पारितोषिक अमोनियाच्या निर्मितीसाठी फ्रिट्झ हाबर यांना मिळाले.

पद्धतीचा पुनर्जन्म कसा झाला?

१९३१मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रिचर्ड कून यांच्या प्रयोगशाळेत एडगर लेडरर हे तरुण संशोधक अंड्याच्या बलकातील पिवळ्या रंगद्रव्यांवर काम करत होते. एकमेकांशी कमालीचे साम्य असलेली ही द्रव्ये नेहमीच्या मार्गाने सुटत नव्हती. अमेरिकेतील लेरॉय पामर हे दुधातील रंगद्रव्यांसाठी त्स्वेत यांची पद्धत वापरणाऱ्या मोजक्या संशोधकांपैकी एक होते. त्यांच्या पुस्तकात लेडरर यांना नळीची माहिती मिळाली. त्स्वेत यांच्या १९१०च्या ग्रंथाचा हस्तलिखित जर्मन अनुवादही त्यांना कून यांच्याकडे मिळाला. कून हे विल्श्टेटर यांचे विद्यार्थी आणि तो अनुवाद त्यांना गुरूंकडूनच मिळाला होता. ज्यांच्या मतामुळे पद्धत मागे पडली, त्यांच्याच संग्रहातील कागदांनी तिला परत आणले.

कॅल्शियम कार्बोनेट आणि ॲल्युमिना भरलेल्या नळ्यांतून कून, विंटरश्टाइन आणि लेडरर यांनी ही द्रव्ये वेगळी केली. एकच समजले जाणारे कॅरोटीनही प्रत्यक्षात अनेक प्रकारचे आहे, हे स्पष्ट झाले. कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, हे त्याच सुमारास कळल्याने या कामाला आरोग्याच्या दृष्टीने मोल आले. जीवनसत्त्वे आणि कॅरोटिनॉइडवरील संशोधनासाठी १९३७मध्ये पॉल कारर आणि १९३८साठी रिचर्ड कून यांची नोबेलसाठी निवड झाली. १९४१मध्ये इंग्लंडच्या आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी भुकटीच्या कणांवर द्रवाचा थर वापरून पद्धतीला नवे वळण दिले. त्यासाठी १९५२चे नोबेल त्यांना मिळाले. त्याच वर्षी मार्टिन आणि ए. टी. जेम्स यांनी वायूंवर आधारित गॅस क्रोमॅटोग्राफी मांडली. १९६०च्या दशकात अतिसूक्ष्म कणांनी भरलेल्या पोलादी नळ्या आणि उच्च दाबाचे पंप आले आणि आजची एचपीएलसी साकारली. त्स्वेत यांना जिथे बराच वेळ लागे, तिथे काम आता काही मिनिटांवर आले.

मधुमेहाच्या चाचणीत नेमके काय घडते?

रक्तातील साखर हिमोग्लोबिनला चिकटते. तांबड्या पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असल्याने चिकटलेल्या साखरेवरून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. अशा साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनला एचबीए१सी म्हणतात. हा उपप्रकार १९५०च्या दशकात क्रोमॅटोग्राफीच्या नळीतूनच वेगळा दिसला. मधुमेहींमध्ये तो वाढलेला असतो, हे इराणी संशोधक सॅम्युअल राहबर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. चाचणी यंत्रातील नळीत ऋण प्रभार असलेले रेझिन भरलेले असते. साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचा धन प्रभार थोडा कमी झालेला असतो, त्यामुळे त्याची पकड ढिली पडते आणि ते आधी बाहेर येते. यंत्र त्याचे प्रमाण मोजून टक्केवारी छापते. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी आहे. एवढ्या मोठ्या लोकसंख्येचे औषध वाढवायचे की कमी करायचे, हे ठरवताना डॉक्टर या टक्केवारीचा आधार घेतात.

सिकलसेल आणि महाराष्ट्राशी संबंध कसा?

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. प्राथमिक तपासणीत शंका आली की खात्रीसाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस केली जाते. नळीतून सामान्य हिमोग्लोबिन आणि सिकल हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेळी बाहेर पडते. आलेखावर दोन्ही शिखरे दिसली आणि सामान्य हिमोग्लोबिन अधिक असले तर ती व्यक्ती वाहक असते. सामान्य शिखरच नसेल तर बहुधा रुग्ण. वाहकाला त्रास नसतो, पण दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे विवाह आणि गर्भारपणाच्या वेळी हा आलेख अनेक कुटुंबांसाठी निर्णायक ठरतो. थॅलेसेमियाचे वाहकही याच पद्धतीने ओळखले जातात.

इथे एक सावधगिरीही आहे. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाची गुणसूत्रीय देणगी असलेल्या व्यक्तीत, तसेच रक्तक्षय असल्यास, एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. एचपीएलसीच्या आलेखात वेगळे शिखर दिसले तर जाणकार तंत्रज्ञाला तो इशारा असतो. केवळ आकडा छापणाऱ्या साध्या उपकरणात हा इशारा मिळतोच असे नाही.

औषधांच्या सुरक्षेत तिची भूमिका काय?

१९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे औद्योगिक रसायन होते. न्या. लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. रंग, वास किंवा चवीवरून हे रसायन ग्लिसरीनपासून ओळखता येत नाही. दोन्ही द्रव गोडसर आणि पारदर्शक असतात. गॅस क्रोमॅटोग्राफीत मात्र ती वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि भेसळ उघडी पडते. २०२२मध्ये गांबियात खोकल्याच्या औषधांनंतर मुलांचे मृत्यू झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला. त्यानंतर भारताने १ जून २०२३पासून खोकल्याच्या औषधांची निर्यातीपूर्वी प्रयोगशाळा तपासणी बंधनकारक केली. पद्धत अनेक दशकांपासून हाताशी आहे. प्रत्येक पिंप वापरापूर्वी तपासले जाते का, हा प्रश्न यंत्रापेक्षा यंत्रणेचा आहे.

आजच्या मर्यादा कोणत्या?

यंत्र महाग असते, नळी ठरावीक नमुन्यांनंतर बदलावी लागते, शुद्ध द्रावक आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात. त्यामुळे दुर्गम भागातील नमुना अनेकदा जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहरातील प्रयोगशाळेपर्यंत पाठवावा लागतो. म्हणूनच जगभरातील संशोधन आजही त्स्वेत यांच्याच मूळ प्रश्नाभोवती फिरते. नळीत काय भरावे? सिलिकाच्या कणांवर हायड्रोकार्बनच्या साखळ्या जोडणे, प्रभारित रेझिन, प्रतिपिंडे (अँटिबॉडी) नेमकी पकडणारी प्रथिने बसवलेले मणी, असे असंख्य पर्याय आले आहेत. इन्सुलिन आणि प्रतिपिंडांवर आधारित कर्करोगाची औषधे शुद्ध करण्याचे कारखान्यातील कामही अशाच नळ्यांतून होते. पदार्थ जितका निवडक आणि स्वस्त, तितकी चाचणी रुग्णाच्या जवळ येते.

व्होरोनेझमधील अलेक्सेयेव-अकातोव मठाच्या आवारात त्स्वेत यांचे स्मारक आहे. त्यांनी कधी रक्ताचा नमुना तपासला नाही की औषधाची बाटली. दोन सारखे दिसणारे पदार्थ न बिघडवता कसे सुटे करायचे, एवढाच प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. रुग्णाच्या अहवालातील पद्धतीच्या रकान्यात आज त्या प्रश्नाचे उत्तर छापले जाते.